टेम्पोवाल्याचे दात

४ मार्च, सोमवार

टेम्पोवाला सुटला. शिक्षा संपायच्या आधीच — वागणूक चांगली म्हणून. मला ना पोलिसांनी कळवलं, ना कोर्टाने. वन्संनी कळवलं. त्यांना प्रार्थनामंदिरात कळलं; टेम्पोवाला पूर्वी तिथे जायचा. तिथे म्हणे आभाराची प्रार्थनाही झाली.

"तुझंही नाव घेतलं हो त्यात," वन्सं म्हणाल्या.

माझं नाव कशाबद्दल घेतलं, ते मात्र त्यांना सांगता येईना.

चार वर्षं झाली. हे सायकलवरून घरी येत होते, त्याने टेम्पोने उडवलं आणि निघून गेला. हे रस्त्याच्या कडेला पडून राहिले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर... तो 'तर' मी अजून चघळतेय. दुसऱ्यांच्या कवळ्या करून पोट भरणाऱ्या बाईला चघळायला काहीतरी हवंच.

७ मार्च, गुरुवार

प्रार्थनामंदिराचे गुरुजी आले. हे गेल्यापासून दर गुरुवारी येतात. बिनसाखरेचा चहा घेतात, थोडा वेळ बसतात, जातात. पहिल्या वर्षी जो तो मला काही ना काही समजावायला येत होता. हा एकच माणूस गप्प बसायचा. म्हणून मला आवडतात. प्रार्थनेला मी फारशी जात नाही, तरी आवडतात.

आज गप्प नव्हते. समेटाची बैठक घ्यायची म्हणतात. ज्याने अपराध केला तो, ज्याच्यावर झाला तो, आणि मंडळी. सगळे गोल करून बसायचं.

"शिक्षेने खटला मिटतो, जखम मिटत नाही," म्हणाले.

वाक्य चांगलं आहे. रविवारीही हेच म्हणाले होते, असं वन्सं सांगत होत्या.

"मी काय बोलायचं?"

"काही बोललंच पाहिजे असं नाही."

"मग मी कशाला?"

"तुमच्याशिवाय बैठक कशी होईल?"

खरंय. नवरी मुकी असली तरी चालते, पण नवरीशिवाय लग्न लागत नाही. हो म्हटलं.

९ मार्च, शनिवार

वन्संनी टेम्पोवाल्याला माफ केलं. दुपारी, भाजी निवडता निवडता. म्हणाल्या, मन कसं हलकं झालं गं. आणि उठून गेल्या. भाजी मला निवडावी लागली.

१० मार्च, रविवार

बैठक झाली. मंदिरामागच्या खोलीत, लहान मुलांचा वर्ग भरतो तिथे. खुर्च्याही मुलांच्याच. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला टेकलेले. एवढ्या गंभीर प्रसंगी इतकी माणसं उकिडवी बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मध्ये एक खुर्ची ठेवली होती. ज्याला बोलायचं त्याने तिथे जाऊन बसायचं.

गुरुजींनी सुरुवात केली. ह्यांना "आपला लाडका बंधू" म्हणाले. हे इलेक्ट्रिशियन होते. ध्वनिक्षेपक बिघडला की मंदिरात जायचे आणि दुरुस्त झाला की प्रवचन सुरू व्हायच्या आत निघायचे. लाडके होते खरे, दर दोन महिन्यांनी बोलावणं यायचं.

मग टेम्पोवाला मध्ये आला. कोर्टात पाहिला तेव्हा अंगाने भरलेला होता. आता कपडे अंगावर नुसते टांगल्यासारखे. तोंडावर हात. वरचे पुढचे दात सगळे गेलेत. आत पडला म्हणतात. आत सगळे पडतातच.

तो बोलायला लागला. चांगला बराच वेळ बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. पुढचे दात नसले की माणसाला 'फ' येत नाही, 'स' येत नाही, 'थ' आणि 'द' तर नाहीच नाही. राहतो तो नुसता वारा. त्यातून तो रडत होता. मी आजूबाजूला पाहिलं — कुणालाच कळत नव्हतं. तरी सगळे डोळे पुसत होते.

तो थांबल्यावर गुरुजी म्हणाले, "तो म्हणतोय, त्याला मनापासून पश्चात्ताप झालाय."

एवढंच? एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंच सार?

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाजूच्या बाईंनी माझी पाठ थोपटली. म्हणजे आता माझी पाळी.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

खोली अशी थंड पडली, जशी मीच कुणाला उडवून आले होते.

१२ मार्च, मंगळवार

दिवसभर साचे. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, मी प्लास्टर ओतते, मेणात दात बसवते, नीट जुळले की पक्के करते. माणसं मला दिसत नाहीत, फक्त त्यांचे जबडे दिसतात. बरं असतं. जबडा कुणाला माफ करा म्हणत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

मंडळी आता माझ्यासाठी प्रार्थना करताहेत. विषय — माझं कठीण मन. टेम्पोवाल्याला मंदिराच्या आवारात राहायला खोली मिळाली, पांघरूण मिळालं, मंडळातल्या एकाच्या गोदामात काम मिळालं. बायका आळीपाळीने डबा देतात. त्याला सगळे 'आपला भाऊ' म्हणतात.

मला राग नाही. खरंच नाही. हे गेले तेव्हा माझ्याकडेही आठवडाभर डबे आले होते. मग रिकामे डबे मागायला माणसं आली.

वन्सं म्हणाल्या, "मनात धरून ठेवलं की आपल्यालाच त्रास होतो."

"काय धरून ठेवलंय तेच माहीत नाही वन्सं. तो काय म्हणाला, तुम्हाला कळलं?"

"भावना कळली."

"आणि शब्द?"

वन्संनी टीव्ही लावला.

१८ मार्च, सोमवार

ठरवलं. डॉक्टरांना सांगितलं, त्याचं माप घ्या, दात मी करते.

डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही? त्याचे?"

"मला त्याचं बोलणं ऐकायचंय. दातांशिवाय ऐकता येत नाही."

"बरं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही थोर आहात."

आता डॉक्टरांनाही सांगत बसायचं का, की थोर नाही, बहिरी ठरलेय म्हणून?

२१ मार्च, गुरुवार

गुरुजींना सांगितलं. वाटलं होतं, खूश होतील. चहाचा कप खाली ठेवला.

"गरज आहे का? त्याची भावना तर पोचली."

"तुमच्यापर्यंत पोचली. माझ्यापर्यंत नुसता वारा आला."

"तुम्हाला त्रास होईल. त्याच्या तोंडाचं काम, तुमच्या हातांनी... मंडळ बघेल ना पुढेमागे."

"हातांना सवय आहे."

चहा अर्धा टाकून गेले. थकलेले दिसतात. त्यांचंही वय झालं. किती जणांची दुःखं वाहायची एका माणसाने.

२४ मार्च, रविवार

वन्संनी मंदिरात उभं राहून जाहीर केलं की मी माफ केलं. पुरावा म्हणून दात! टाळ्या झाल्या म्हणे. घरी आल्या त्या हुंदके देतच. मला मिठी मारली. लग्नानंतर पहिल्यांदा.

"अहो वन्सं, मी माफबिफ काही केलेलं नाही."

"तुला कळत नाहीये, पण केलंयस."

माझ्या मनात काय आहे, हे माझ्याखेरीज सगळ्या गावाला कळतं.

२७ मार्च, बुधवार

त्याचा साचा टेबलावर आहे. हिरड्यांवर जुनी जखम भरल्याची खूण. पडून अशी जखम होत नाही. इतकी वर्षं जबडे बघतेय, तेवढं कळतं. कुणीतरी मारलंय, आणि एकदाच नाही.

हे कळल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. वाईट वाटलं असंही नाही. मेण तापवायला ठेवलं.

मेणात दात बसवताना समोरचा एक जरासा तिरका बसवला. मुद्दाम. आयुष्यभर आरशात दिसू दे म्हटलं. जेवून आले, पुन्हा पाहिला आणि सरळ केला. तोंड कुणाचंही असो, माझ्याकडून वाकडा दात जात नाही. बदला घ्यायलाही वेगळा हात लागतो. माझा तसा नाही.

२ एप्रिल, मंगळवार

दात तयार. चांगले झालेत. त्याच्या लायकीपेक्षा चांगले.

४ एप्रिल, गुरुवार

सहसा मी दातांच्या दवाखान्यात जात नाही. आज गेले. तो खुर्चीत आधीच बसला होता. मला बघून उठायला लागला, डॉक्टरांनी खांद्याला धरून बसवला. दात मीच बसवले. कडेला एक जागा टोचत होती, ती मी घासून दिली.

डॉक्टर म्हणाले, "साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणा." नव्या दातांना सगळ्यांना हेच म्हणायला लावतात, त्यात 'स' भरपूर येतो. तो म्हणाला. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. स्वच्छ. आवाज चांगला आहे त्याचा.

डॉक्टर बाहेरच्या पेशंटकडे गेले. मी विचारलं, "त्या दिवशी बैठकीत तू काय बोललास?"

"गुरुजींनी सांगितलं ना, ताई."

"त्यांनी एका वाक्यात उरकलं. तू बराच वेळ बोलत होतास."

डॉक्टर येत नाहीत ना, ते त्याने पाहिलं. मग म्हणाला, "मी पळालो नव्हतो. थांबलो होतो."

मला वाटलं, नीट ऐकलं नाही. पण आता तसं वाटायला जागा नव्हती. दात माझेच होते.

"कोर्टात वकील म्हणाला, थांबून निघून गेलो म्हणालास तर जास्त अडकशील, धडक कळलीच नाही म्हण. म्हणून तसं म्हटलं. पण मी उतरलो होतो. त्यांच्याजवळ बसलो. ते शुद्धीत होते."

"बोलले?"

"हो."

"काय?"

"म्हणाले, आधी ती सायकल बाजूला घे. अंधारात कुणाच्या तरी पायात येईल."

मी डॉक्टरांच्या स्टुलावर बसले. हे असंच बोलले असते. हाडं मोडली असतील, तरी आधी वायर कुणाच्या पायात येतेय का ते बघणारा माणूस. चार वर्षांत इतक्या लोकांनी मला ह्यांच्याबद्दल इतकं सांगितलं, पण ह्यांचा आवाज आज ऐकला. तोही ह्याच्या तोंडून.

"घेतलीस?"

"घेतली. भिंतीला लावून ठेवली."

"मग दवाखान्यात का नाही नेलंस?"

"प्यायलो होतो, ताई. पोलीस धरतील म्हणून घाबरलो. फोन केला."

"कुणाला?"

त्याने तोंडावर हात घेतला. एवढे दात असूनही.

"रविवारी पुन्हा बैठक आहे ना, तिथे सांगतो. त्यांच्या पाठीमागे नाही सांगणार. त्यांनी मला फार सांभाळलंय. आत भेटायला यायचे, दर महिन्याला. दुसरं कुणी आलं नाही."

घरी आले. आज गुरुजी आले नाहीत. बरं नाही, असा निरोप होता.

५ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर एकच काम केलं — 'त्यांच्या' म्हणजे कुणाच्या, याचा विचार न करण्याचं. फार कष्टाचं काम आहे.

६ एप्रिल, शनिवार

वन्संनी उद्याच्या बैठकीसाठी साडीला इस्त्री केली. माझ्याही. उद्या सगळे मला नावाजणार म्हणे, तेव्हा चुरगळलेली नको.

७ एप्रिल, रविवार

टेम्पोवाला मधल्या खुर्चीवर जाऊन बसला. तोंड उघडलं. तोच गुरुजी म्हणाले, "थांब. मी सांगतो."

इतका खटाटोप करून दात बसवले, आणि शेवटी बोलले गुरुजीच.

फोन त्यांना आला होता. ते त्याला म्हणाले, तू प्यायलायस, पोलीस धरतील, घरी जा. दवाखान्याला मी कळवतो.

"मग कळवलंत?" वन्संनी विचारलं. वन्संचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"थकलो होतो. म्हटलं, पाच मिनिटं पडतो आणि करतो. डोळा लागला."

पांघरूण देणारी, डबे देणारी, पाठ थोपटणारी सगळी मंडळी जमिनीकडे बघत होती. टेम्पोवाला रडत होता. चौघांना पुरेल एवढी माफी मनात साठवून आलेल्या वन्सं उठल्या आणि बाहेर निघून गेल्या.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मी एवढंच विचारलं —

"त्या रात्रीनंतर झोप लागते तुम्हाला?"