ओस्टरहोल्मची शाळा आणि वरची खोली

मी, गोंडेल वोल्क्वार्डसेन, कै. हार्क वोल्क्वार्डसेन यांची पत्नी, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार ओस्टरहोल्म बेट, उत्तर फ्रिसलंड, जर्मनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचे तर आधी बोट मिळायला हवी, आणि जानेवारीत ती सहसा मिळत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी शेगडीत घातले आहे. ते कोणी शोधत बसू नये.

कलम पहिले : घर

माझे घर म्हणजे ओस्टरहोल्मची जुनी शाळा. आमच्या बेटाला बांध नाही. वादळात समुद्र सगळ्या कुरणांवरून जातो आणि मातीच्या टेकाडांवर बांधलेली घरे तेवढी कोरडी राहतात. शाळा त्यांतल्या सर्वांत उंच टेकाडावर आहे. खाली वर्ग, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली. इथली शेवटची विद्यार्थिनी माझीच मुलगी लेवके. ती पुढे शिकायला किनाऱ्यावरच्या हुजुम शहरात गेली तेव्हा शाळा बंद झाली. पंचायतीने इमारत विकायला काढली, ती हार्कने आणि मी घेतली. फळा मी काढू दिला नाही.

हार्क गेल्यानंतर काही वर्षे मी त्या फळ्याकडे नुसती बघत होते. मग सरकारने हवामानबदलाचे शिक्षण शाळांमध्ये आणि गावागावांत पोचवण्यासाठी निधी काढला. मी अर्ज केला. जागा माझी, शिक्षकाचा पगार सरकारचा. त्या शरद ऋतूत श्री. आन्सगार थेडेन्स हॅनोव्हरहून दोन ट्रंका आणि पाणी कसे चढते ते दाखवायला वाळूने भरलेला एक मोठा पत्र्याचा ट्रे घेऊन बोटीतून उतरले आणि वरच्या खोलीत राहू लागले. वसंतापासून शहरांतल्या शाळांचे वर्ग आठवडाभरासाठी येत. हिवाळ्यात संध्याकाळी बेटावरची माणसे त्याच बाकांवर बसत.

हे घर मी पंचायतीला देत आहे. अट एकच : खालचा वर्ग वर्गच राहील. त्यात पर्यटकांसाठी खोल्या पाडता येणार नाहीत.

कलम दुसरे : मोमे

वरील अट हार्कचा चुलतभाऊ मोमे वोल्क्वार्डसेन याच्यासाठी लिहिली आहे, हे त्याला सांगण्याची गरज पडू नये.

पहिल्या हिवाळ्यात मोमे दाराशी उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला होता, "माझ्या आजोबांनी पाणी बघितलं, बापाने बघितलं, मी बघतोय. आता सरकार पगार देऊन मला पाणी शिकवणार?"

आन्सगारनी विचारले, "आजोबांच्या वेळी ते वर्षातून कितीदा चढायचं? आणि आता?"

मोमे टोपी घालून निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो येऊन पहिल्या बाकावर बसला, आणि मग त्याने एकही संध्याकाळ चुकवली नाही. आपले टेकाड उंच करून घ्यायला बेटावर सर्वांत आधी तोच तयार झाला. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आहे. निधी बंद झाल्याचे कळले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो इमारत विकत घ्यायला माझ्या दारात आला. "आता रिकामीच राहणार ना, गोंडेल," म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेले नाही.

दक्षिणेकडचे माझे कुरण मी मोमेला देत आहे. त्याच्या मेंढ्यांशी माझे भांडण नाही.

कलम तिसरे : लेवके

माझी मुलगी लेवके हॅम्बुर्गला असते. घरातला आपला हक्काचा वाटा तिने नोटरीपुढे स्वखुशीने सोडला आहे. "आई, मला चारी बाजूंनी समुद्र नको," असे ती म्हणते, आणि लहानपणी वादळात माझ्या कुशीत शिरून तिने जे ऐकले ते मीही ऐकले असल्याने मी तिला दोष देत नाही. माझ्या आईच्या फ्रिसियन पोशाखाची चांदीची बटणे आणि साखळ्या, चहाचे निळे कप आणि हार्कची दुर्बीण तिची आहे.

कलम चौथे : बचत

बँकेतली माझी सर्व बचत शहरांतल्या शाळांच्या मुलांच्या बोटभाड्यासाठी वापरावी. शिक्षकाच्या पगारासाठी त्यातला एक सेंटही वापरू नये. ते काम सरकारचे आहे. माझ्या मरणाने सरकारचे ओझे हलके व्हावे अशी माझी इच्छा नाही.

याचे कारण एलिफ नावाची मुलगी. हॅम्बुर्गच्या एका वर्गाबरोबर ती आली होती, आणि त्याच आठवड्यात पाणी चढले. बाकीची मुले आधी ओरडली, मग पत्ते खेळू लागली. एलिफ सकाळभर खिडकीशी उभी होती. कुरण गेले, कुंपण गेले, मोमेचे टेकाड बोटीसारखे दिसू लागले. तिने आन्सगारना विचारले, "हे आमच्याकडेपण येईल?"

खोटे बोलणे त्यांना जमत नसे. ते म्हणाले, "येऊ शकतं. पण तोवर तू मोठी झालेली असशील, आणि काय करायचं ते तुला माहीत असेल."

"मला कोण सांगणार?"

"ते सांगायचाच मला पगार मिळतो," ते म्हणाले, आणि तिला वाळूच्या ट्रेपाशी घेऊन गेले.

पुढच्या शरद ऋतूत तो पगार बंद झाला. सांगायला निधी देणाऱ्या खात्यातली एक बाई स्वतः बोटीने आली, हे तिच्या बाजूने नमूद करते. माझ्या स्वयंपाकघरात आमच्या फ्रिसियन पद्धतीने चहात साय घालून ती म्हणाली, "दगडमातीच्या कामाला पैसे मिळतात हो. समजावून सांगायच्या कामाला मागितले की सगळे घड्याळं बघतात." तिच्या डोळ्यांत पाणी होते. आन्सगारनीच तिला रुमाल दिला.

कलम पाचवे : वरची खोली

दर शरदात निधी पुढे चालू राहील की नाही याचे पत्र येईपर्यंत आन्सगार ट्रंका पुरत्या रिकाम्या करत नसत. मला वरून पावलांचा आवाज यायचा, आणि तो आणखी एक हिवाळा येईल की नाही हे दूरच्या कुठल्यातरी टेबलावर ठरायचे. अशी आमची वर्षे गेली. संध्याकाळी वर्ग सुटला की ते बाक सरळ करत, मी चहा ठेवत असे, आणि आम्ही वाऱ्याबद्दल बोलत असू. दुसऱ्या कशाबद्दल बोललो नाही.

शेवटच्या दिवशी धक्क्यावर त्यांनी विचारले, "वरची खोली भाड्याने देणार का आता, गोंडेलबाई?"

"बघू," मी म्हणाले.

बोट सुटली. खोली मी कोणालाही दिली नाही. रोज संध्याकाळी तिथली शेगडी पेटवते. लेवकेला सांगते की भिंतींना ओल येते म्हणून.

वरच्या खोलीत तहहयात राहण्याचा हक्क मी श्री. आन्सगार थेडेन्स यांना देत आहे. शाळा चालो वा न चालो, निधी मिळो वा न मिळो. या हक्काला कोणाची मंजुरी किंवा मुदतवाढ लागणार नाही. ट्रंका त्यांनी पहिल्याच दिवशी रिकाम्या कराव्यात.

पुरवणी

नाताळात लेवके आली होती. तिने वरचा मसुदा वाचला. मग म्हणाली, "आई, मेल्यावर खोली देतेस. आत्ता का नाही देत?" आणि तिने फोन माझ्यापुढे ठेवला.

आन्सगार आता निवृत्त आहेत आणि हार्झच्या डोंगरात एकटे राहतात. मला आपल्या शब्दांत काही सांगता येईना, म्हणून मी त्यांना पाचवे कलम वाचून दाखवले.

"गोंडेल," ते म्हणाले, "हे ऐकायला मी तुझ्या मरणाची वाट बघायची होती का?"

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. लेवकेने माझ्या हातातून फोन घेतला आणि बोटीच्या वेळा त्यांना सांगितल्या. त्यांच्या खुब्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे. ईस्टरपर्यंत डॉक्टर प्रवासाची परवानगी देणार नाहीत.

तरी शेवटची सूचना अशी : हे मृत्युपत्र पूर्ण आहे, कायदेशीर आहे आणि सही झाल्यापासून केव्हाही अमलात येऊ शकते. ते ईस्टरच्या आत अमलात येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

स्थळ : ओस्टरहोल्म
दिनांक : १४ जानेवारी

(सही) गोंडेल वोल्क्वार्डसेन

कायद्याला साक्षीदारांची गरज नाही, पण मला आहे. आमच्यासमोर सही झाली :
फ्राउके बोयसेन, पाद्री
नामेन इप्सेन, टपालबोटीचा चालक