रफार की टिंब

बाबा, आज आम्ही कॅरव्हॅन घेऊन वाळवंटात मुक्कामाला आलो आहोत आणि मी इतकी दमले आहे की खाली उतरायचंही मन होत नाही. हौस तुमच्या जावयाची. थंडीत इथले लोक तंबू ठोकून वाळूत राहायला येतात, मग आपणही एकदा जाऊ, असं ते दोन वर्षं म्हणत होते. आठवडाभर मिरकाबच्या ऑफिसात मान मोडून काम केलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून भाकऱ्या बडवल्या. अबू हलीफाच्या घरून निघून तासही झाला नसेल, एका वळणावर ओट्यावरचा डबा उलटला आणि मटणाचा रस्सा थेट गादीवर. पुढचा रस्ता मी गुडघ्यांवर बसून पुसत आले. या गाडीत ओटा, बेसिन, पलंग सगळं आहे, म्हणजे घरची कामं सोबत घेऊन फिरायची सोय आहे. तुमच्या नातवाला मदत कर म्हटलं तर तो "इन अ मिनिट" म्हणाला. ते मिनिट अजून संपायचं आहे.

गाडीबरोबर चालवायला एक गृहस्थ आले होते, रत्नागिरीकडचे मुसलमान, साठीला टेकलेले. माझी चिडचिड ऐकून त्यांनी आपणहून एक कोरडं फडकं मागे दिलं. मी सहज विचारलं, थंडीत नेहमी हेच काम का. ते म्हणाले, "आता वय झालं म्हणून गाडी, ताई. आधी तंबूवरच होतो. थंडी लागली का मार्चपर्यंत बर्र." मला वाटलं, मार्चपर्यंत बरं असतं असं म्हणतायत. मी म्हटलं, एवढ्या वाऱ्यात कसलं बरं? ते हसले. "बरं नाय ताई, बर्र. अरबी लोक वाळवंटाला बर्र बोलतात." सहा वर्षं इथे राहून हा शब्द मला माहीत नव्हता. आमच्या ऑफिसात सगळे डेझर्ट म्हणतात. फडकं बाजूला ठेवून मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

कारण बाबा, हे वाक्य मी वाचलेलं होतं. दर हिवाळ्यात तुमचं एक पत्र यायचं, आणि आईला वाचता येत नसल्यामुळे ते मी पडवीत बसून मोठ्याने वाचायचे. तुमची पत्रं आखूड. 'थंडी सुरू झाली. आता मार्चपर्यंत बर्र. काळजी नसावी.' मी ते 'बरं' वाचायचे. आई म्हणायची, चला, चार महिने तरी सुखात आहेत. इकडे, या अरबांच्याच देशात सुतारकामाला आलेला माणूस, थंडीत त्याला कुठेतरी आत बसून करायचं सोपं काम देत असतील, अशी आमची समजूत. सातवीत मला शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. तुमच्या पत्रातल्या त्या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि उत्तरात लिहिलं, 'बाबा, बरं लिहिताना र-वर टिंब देतात. तुम्ही रफार देता. चारचौघांत हसं होईल.' पुढच्या थंडीत तुमचं पत्र आलं, 'आता मार्चपर्यंत बरं. टिंब दिलं आहे.' त्यानंतर एकाही पत्रात रफार आला नाही.

तंबूवरचं काम काय असतं, ते त्या गृहस्थांनी उरलेल्या रस्त्यात सांगितलं. मालक लोक सुट्टीला यायचे, बाकीचे दिवस तंबू राखायला एकटा माणूस. टाकीचं पाणी, जनरेटरचा आवाज, तोंडाला फडकं बांधून झोपायचं, तरी धुळीने छाती भरायचीच. तुम्ही कायमचे घरी आलात ते खोकला घेऊनच आलात. माझी बारावीची परीक्षा होती आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत दिवसभर खोकत होतात. एक दिवस मी पुस्तक आपटून आईसमोर म्हणाले, "इतकी वर्षं तिकडे बरं होतं ना? मग इथे येऊनच काय झालं?" तुम्ही रागावला नाहीत. खोकला थांबेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, "टिंब चुकलं असेल, बाय." मला वाटलं, माझ्या बक्षिसाची चेष्टा करताय. दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. पुढे दोन वर्षांत तुम्ही गेलात. मला फार वाईट वाटतंय, बाबा, हे सरळच लिहिते. तेव्हाच मला खडसावून समजावलं असतंत, तर आज इतका त्रास झाला नसता. म्हणजे बघा, अजूनही दोष तुम्हालाच देते आहे.

मघाशी एकदा खाली उतरले. बापलेक गाडीशेजारी तंबूच्या दोऱ्या ताणत होते, काही केल्या त्यांना गाठ बसत नव्हती. बघण्यासारखं काहीच नाही. वाळू, वारा आणि डोळ्यांत बारीक खडे. चार महिने माणूस इथे एकटा काय करत असेल, असा विचार करत उभी राहिले आणि कंटाळून परत आत आले. जेमतेम पाच मिनिटं झाली असतील.

हे गाडीच्या पावतीच्या मागे लिहिते आहे. कुठे पाठवायचं नाही, घडी करून पर्समध्ये ठेवीन. आईला तर वाचून दाखवता येणारच नाही. तुमची पत्रं तिच्या ट्रंकेत आहेत, त्यातली थंडीतली तिने वेगळी बांधली आहेत, कारण त्यांत तुम्ही सुखात आहात. आत्ताच तिचा फोन येऊन गेला. हल्ली तिला कमी ऐकू येतं. कुठे आहेस, असं तिने विचारलं आणि माझ्या तोंडून तुमचाच शब्द गेला, "बर्र." ती म्हणाली, "बरं ना? मग झालं." जन्मभर सगळ्यांच्या चुका काढत आले, बाबा. ही मी काढली नाही.