दोरी धरणाऱ्या मुलीचं नाव

दादास धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

इथल्या प्राथमिक शाळेत मी सुतारकाम करतो. या सत्रात मुलं शोध शिकतात. चाक कसं आलं, कप्पीने ओझं हलकं कसं होतं, ते स्वतः करून बघतात. काल त्यांचं प्रदर्शन होतं. एका चिमुरडीने कप्पी मांडली होती आणि पुढ्यातल्या चिठ्ठीवर मैत्रिणीचंही नाव लिहिलं होतं.

मी म्हटलं, "तिने तर नुसती दोरी धरली होती ना?"

"काका, तिने सोडली असती तर पडलं असतं की सगळं."

दादा, मी वाकून ती चिठ्ठी पुन्हा वाचली.

गावच्या शाळेतही हाच विषय चालू आहे म्हणे. तुला पाहुणा म्हणून बोलावलं, आणि वाऱ्याने डबा वाजवणारं आपलं बुजगावणं दाखवून तू सांगितलंस, "हे मी एकट्याने केलं."

वाऱ्यावर फिरणारा पंखा तुझाच होता. पण डब्यावर आपटणारी दांडी मी बसवली होती. माझ्या लेकीला मी हे कितीदा सांगितलंय. ती त्याच शाळेत, तुझ्यासमोर पहिल्या रांगेत होती. घरी येऊन आईला म्हणाली, "बाबा थापा मारतात."

मान तुलाच लखलाभ. देवापुढे बसलो की तुझ्यासाठीही हात जोडतो, पण हल्ली जरा वेळ लागतो.

एवढं कर, तिला जवळ बसवून खरं सांग. माझं तिला आता पटायचं नाही. काकांचं पटतं.

तुझाच,
धाकटा