दुखायचं थांबलं तेव्हा

मरोळ, १२ ऑगस्ट १९८६

लवूदादा,

हां, तर तुला चावलेल्या विंचवाचं सांगायचं राहिलंच. कॉलेजात शिकवलं, नर्व्हला सोडियम आत घ्यायची बारीक दारं असतात. विंचवाचं विष ती बंदच होऊ देत नाही, मग नर्व्ह इशारे द्यायची थांबतच नाही. घाम फुटतो, हातपाय गार पडतात. झकास आहे ना? सॉरी.

त्या दिवशी दुखायचं कमी झालं म्हणालास, तर मी ऐटीत म्हटलं, "विष उतरलं, दवाखाना कशाला?" तासभर खंडूकाकांना जीप काढू दिली नाही. लाल विंचू कमी दुखूनही जिवावर बेततो, हे आत्ता कळलं.

उशीर केला म्हणून बाबा अजून काकांशी बोलत नाहीत, आणि काकांनी माझं नाव घेतलं नाही.

चालताना दम लागत नाही ना आता? मी वेळेवर जेवते.

बाबांना पत्रात खरं लिहू, की गणपतीला येऊन समोर सांगू? तुला काय वाटतं?

तुझी रत्ना