हौदावर आठ माणसं

१४ मार्च
जिंकलो. अणुभट्टी बंद — इथलीच नाही, देशातल्या सगळ्या! रेडिओवर बातमी आली तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात फाटक्या शब्दकोशाला खळ लावत होते. सत्तावीस वर्षं याच मागणीसाठी घसा फोडला. बोटांवरची खळ तशीच वाळली.

१५ मार्च
दादा आला. माझा थोरला भाऊ, इथल्याच भट्टीतला पाळीप्रमुख. आठ वर्षांत माझ्या घराची पायरी चढला नव्हता.
"अभिनंदन, पुढारीणबाई. आता इंधनाचं काय करू, तेही सांगून टाका."
भट्टी बंद झाली तरी वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्याच्या हौदात गार ठेवावं लागतं. दर पाळीला आठ माणसं.
"तुझ्या भाषणांत आहे का हे कुठे?"
नाही. ठाऊक होतं — कपाटभर पुस्तकं वाचलीत मी. एकदा बोललेही होते. सभा जांभया द्यायला लागली, म्हणून गाळलं.

१८ मार्च
दादाच्या पाळीतल्या, त्याच्या हाताखालच्या सगळ्यांनी राजीनामे दिले. सगळ्यांनी!

२० मार्च
"महिनाअखेर मीही सुटतोय," दादा म्हणाला. "डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केलीय. हौदावर कोण राहणार? तू थांबव त्यांना."
"मी? मला बघून थुंकतात ते."
"का थुंकतात?"
ते वाक्य मला पाठ आहे. 'तिथे राबणारा प्रत्येक हात गुन्हेगार आहे.' सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. मग त्यांच्या पोरांना शाळेत 'गुन्हेगाराची अवलाद' म्हणायला लागले. माझ्याच शाळेत. मी खाली मान घालून पुस्तकं देत होते.
"मत नको बदलूस," दादा म्हणाला. "तेवढं एक वाक्य मागे घे."

२३ मार्च
भट्टीच्या फाटकासमोर उभी राहिले. म्हटलं, भट्टी बंद व्हायलाच हवी होती. पण तुम्ही गुन्हेगार नव्हतात. मी खोटं बोलले. आता तुम्ही गेलात तर हौद कुणाच्या भरवशावर?
एकही टाळी नाही. एक फिटर म्हणाला, "बाई, हे माझ्या मुलीला सांगा."
त्याच्या घरी गेले. सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

२४ मार्च
सातजण थांबले.
आठवा दादा. हौदापर्यंत चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. सकाळी त्याचा डबा मी भरून दिला.