सोकच्या हद्दीबाहेर

एल्मथॉर्प,
रविवार, २८ मार्च १९६५

प्रिय हेट्टी,

खोकला उतरला का? माझे गुडघे कुरकुरताहेत, पण कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्यात. तेवढंच बरं चाललंय.

बुधवारी आपला सोक वेगळा जिल्हा म्हणून संपतो. गुरुवारपासून आम्ही हंटिंग्डनवाल्यांच्या जिल्ह्यात. 'आपला' लिहून गेलो बघ. तू लग्न करून नदीपलीकडे लिंकनशायरात गेलीस, तुझा कसला सोक! काल शाळेत निरोपाचा चहा होता. पेल मास्तरांनी एवढ्या लोकांत मलाच उभं केलं.

"कॉन्स्टेबल, सोक म्हणजे काय, सांगा बघू!"

"हद्द," मी म्हटलं. तीस वर्षं नोकरी केली, एवढं तर येतंच.

"चूक! बसा खाली!"

सगळे खो खो हसले. मग त्यांनी समजावलं. शब्द हजार वर्षांचा आहे म्हणे, आणि त्याचा मूळ अर्थ शोधत येणं. अडलेला माणूस ज्याच्या दाराशी दाद मागायला येतो, त्याचा तो सोक. हद्दीच्या रेघा नंतर आल्या.

हेट्टी, मी खाली बसलो तो उठलोच नाही. लोकांना वाटलं, म्हातारा रुसला.

सिरिल गेला आणि तू विधवा झालीस, त्या दिवसाबद्दल तुला लिहायचंय. मी सांगितलं होतं, मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पुढचं बसून वाच.

त्याच्या महिनाभर आधी मी एका चोराला नदीपलीकडे जाऊन पकडलं होतं. न्यायाधीशाने खटलाच उडवला. "तुमचा सोक पाण्याच्या मध्यावर संपतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?" असं भर कोर्टात विचारलं. गावातली पोरंसोरंसुद्धा मला चिडवायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

त्या सकाळी नदी फुगली होती. मासे धरणारा नोआ धावत आला. "साहेब, पलीकडच्या काठाला, विलोच्या झाडाखाली माणूस आहे पाण्यात!" मी विचारलं, "पलीकडच्या ना? मग तो त्यांचा." सायकल देऊन एकाला पुलावरून तिकडच्या पोलिसाला बोलवायला धाडलं. पूल दोन मैलांवर. नोआ होडी सोडायला लागला, तर मी त्याचा दंड धरला. "प्रेताला हात लावू नकोस. पंचनामा त्यांनी करायचा."

"अहो, हलतंय ते!" नोआ म्हणाला.

"पाणी हलवतंय," मी म्हटलं. आणि वहीत लिहिलं, प्रेत दिसले, नऊ वाजून दहा मिनिटे. प्रेत! माझ्या हाताने लिहिलं मी ते.

आम्ही काठावर उभे राहिलो. नोआ शिव्या देत होता. मी घड्याळ बघत होतो.

मग साडेनऊला पलीकडून हाक आली. "ॲमी!"

मला ॲमी म्हणणारी जगात दोनच माणसं होती, तू आणि तो. मी होडीत उडी टाकली. कसली हद्द आणि कसलं काय! पण आम्ही विलोपाशी पोचलो तेव्हा त्याचा हात मुळीवरून सुटला होता. बाहेर काढला तो निपचित. वहीतली वेळ मी नंतर खोडली, आणि नोआने मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

इतकी वर्षं मनाला बजावत आलो, सिरिल आहे हे ठाऊक असतं तर लगेच गेलो असतो. ते खरंय. पण हेट्टी, म्हणजे दुसऱ्या कुणाला मी बुडू दिलं असतं ना? त्या माणसाला, ज्याचं नाव मला माहीत नव्हतं? याचं काय उत्तर देऊ?

दर नऊ मार्चला तू माझ्यासाठी मनुकांचा ब्रेड करतेस. "तू होतास म्हणून तो मला परत तरी मिळाला," म्हणतेस. मी खातो. आधी निदान घशात अडकायचा, यंदा अडकलाही नाही. त्याचीच भीती वाटली.

गुरुवारी सकाळच्या बसने तुझ्याकडे येतोय. माफी मागायला नाही. तेवढं तोंड नाही मला. तुला जे बोलायचं असेल ते ऐकायला येतोय. दार नाही उघडलंस तर फाटकापाशी थोडा वेळ थांबेन आणि परत जाईन.

वीस मिनिटं, हेट्टी. तो वीस मिनिटं जिवंत होता.

ॲम्ब्रोझ
(तुझा भाऊ असं लिहिलं होतं, खोडलं.)