तोंड गिरगावकडं असलेली ट्राम

आई, काल वर्गात मी पोरींना एक गोष्ट सांगितली, ती आधी तुला सांगायला हवी होती. तू जाऊन अठरा वर्षं झाली, एवढं कारण पुरत नाही. तू होतीस तेव्हाही चार-पाच वर्षं माझ्या हातात होती.

भोरच्या मोटारस्टँडमागची तुझी खाणावळ मला अजून दिसते. चुलीपाशी तू, आणि समोर ओळीनं बसलेली हिर्डोशीकडची माणसं, मुंबईच्या गिरण्यांतून सुट्टीला आलेली किंवा सुट्टी संपवून परत निघालेली. दुसऱ्या बाईनं त्यांना घरचं विचारलं असतं. तू भाकरी वाढताना विचारायचीस, "भायखळ्यावरनं गिरगावला जाताना ट्राम कितींदा थांबती?" माणसं चक्रावायची. कुणी उगाच ठोकून दिलं की तू पकडायचीस, "न्हाई. पुलापाशी बी थांबती. तुमी झोपला असाल." भोरच्या पुढं तू कधी गेली नव्हतीस. पण दुपारी गर्दी ओसरली की सारवलेल्या जमिनीवर चिंचोके मांडायचीस, एक ओळ गिरगावची, एक परळची, आणि दोन ओळी मिळतात तिथं एक पावटा. बैल नाही, धूर नाही, नुसत्या तारेच्या आधारानं गाडी रस्त्यातून धावते आणि ठरल्या जागी थांबते, हे ऐकताना तू जेवढं लक्ष द्यायचीस तेवढं देवळातल्या कीर्तनातही दिलं नाहीस. मी इंग्रजी शाळेत जात होते, मला या चिंचोक्यांची लाज वाटायची. एकदा म्हणाले, "आये, तू ट्राम बघितलीयस तरी का?" तू मान वर केली नाहीस. "तू विलायतेचे राजे बघितल्यात का? रोज पाठ करतीस न्हवं?" आणि मग, "पाय काढ. दादर तुझ्या पायाखाली आलंय."

मी मॅट्रिक झाले, संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेज मुंबईत गिरगावच्या बाजूला, राहायचं भायखळ्याला काकांच्या खोलीत. बाबा गेल्यापासून घरात शब्द काकांचा, आणि काकांनी नाही म्हटलं. खोलीत जागा नाही असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "वैनी, म्या पहाटं गिरणीत जातो. हिला न्यायला-आणायला कोन? रस्त्यात चारी बाजूनं ट्रामी. पोरगी हरवली तर वर गेल्यावर भावाला काय सांगू?" तू पदर खोचलास. "येकटी जाईल. आमी मुंबईला येतो. तुमी गिरगावला हुबं ऱ्हावा, म्या बी ऱ्हाते. आली तर कालिज. न्हाई आली तर घिऊन जाते परत, भाकरी थापायला." मला कुणी काही विचारलं नाही.

मुंबईला पोचलो त्या दिवशी काकांनी आपल्याला ट्रामनं गिरगावला नेऊन आणलं. तू ड्रायव्हरच्या अगदी मागं बसलीस आणि त्याच्या हातांवरची नजर काढली नाहीस. बोटांवर थांबे मोजत होतीस. एका ठिकाणी दचकलीस, "ह्यो थांबा आपल्या चिंचोक्यांत न्हाई." मग काकांना विचारलंस, वीज येते कुठून. ते म्हणाले, घाटावर पाणी अडवलंय, तिथून तारेनं येते. "म्हंजी आपल्याच डोंगरातल्या पान्यावर चालतीया व्हय," तू म्हणालीस, "मंग आपल्याला तिकीट कशापायी?" कंडक्टरसुद्धा हसला. मी खिडकीबाहेर बघत होते. ट्रामच्या पुढच्या दिव्याला पत्र्याचं ठिगळ होतं, तेवढं मी गिरगावला उतरताना ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काकूनं मला भायखळ्याच्या थांब्यावर सोडलं. समोरच ट्राम उभी आहे. दिव्याला तेच ठिगळ, आणि ठिगळाचा दिवा गिरगावच्या बाजूला. आपल्याकडं गाडी कुठं निघालीय हे बैलांच्या तोंडावरून कळतं. मी चढून बसते. घंटा होते आणि ट्राम निघते ती उलटी, शेपटीकडून. मला वाटतं, मागं घेऊन वळवत असतील. पहिला थांबा जातो, दुसरा जातो. भाडं कुठंही जा, एकच, म्हणून तिकीट देताना कंडक्टरही कुठं उतरणार ते विचारत नाही. माणसं चढतायत, उतरतायत, कुणालाच काही वाटत नाही, म्हणून मीही ताठ बसून राहते. ट्रामच्या कपाळावर पाटी होती, आई. मी मॅट्रिक झालेली मुलगी, दोन भाषा वाचणारी, आणि पाटी वाचायचं मला सुचलंच नाही.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. कंडक्टर म्हणाला, "उतरा बाई."

"वळवणार कधी?"

"काय वळवणार?"

"गाडी."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गावाकडच्या का? ही वळत नाही. हिला दोन्ही बाजूंनी तोंड असतं. बसा तशाच, येईल ती परत." मग त्यानं दोरीनं तारेवरचा दांडा ओढून पलीकडं फिरवला. ड्रायव्हरनं गाडी चालवायचा पितळी दांडा काढून हातात घेतला आणि चालत दुसऱ्या टोकाला जाऊन बसवला. कंडक्टरनं बाकांच्या पाठी एकामागून एक धाडधाड उलट्या केल्या, माझी राहिली, तेव्हा म्हणाला, "उठा जरा." मी उठले आणि उलटं तोंड करून त्याच बाकावर बसले. रडू येत होतं, तरी मला ती गाडी आवडली. तू असतीस तर त्या दोघांना दहा प्रश्न विचारले असतेस.

गिरगावला पोचले ती तासभर उशिरा. तू खांबाला टेकून उभी होतीस. काका पुढं आले. त्यांनी माझी मूठ उघडली. आत दोन तिकिटं होती; सरळ आलेल्या माणसाकडं एक असतं. त्यांनी ती पाहिली, तंबाखूच्या पिशवीत टाकली आणि तुझ्याकडं वळले. "वैनी, मघाशी येकजन सांगत व्हता, रुळावर बैलगाडी अडकली व्हती. समद्या ट्रामी खोळंबल्या. पोरगी बराबर आली."

"तिकीट कुठाय?" तुला तिकिटं जमवायची हौस.

"पडलं आसंल."

"मंग? म्या काय म्हनलं व्हतं?"

"हरलो म्हना," काका म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर तुझा शब्द तुला पाळावा लागला असता.

पुढं कॉलेजच्या चार वर्षांत मी एकदाही चुकले नाही. आणि काका दर शिमग्याला गावी जाताना खाणावळीत टेकायचे, तेव्हा तू सगळ्यांदेखत सुरू व्हायचीस. "आले का, पोरगी हरवंल म्हननारे? ह्यास्नी आधी वाढा, न्हाईतर रस्ता चुकून शेजारच्या ताटावर बसतील." माणसं हसायची. काकाही हसायचे आणि खाली मान घालून जेवायचे.

आता मी इथं भोरलाच मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. पोरी मला घाबरतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. दरवर्षी त्यांना सांगत आले की मी अनोळखी शहरात एकटी गेले, कुणाला विचारलं नाही, चुकले नाही. पुढच्या महिन्यात अकरा जणींना मुंबईला नेतेय, ट्राम आणि विजेची आगगाडी दाखवायला. एकेकीनं एक टप्पा एकटीनं जायचं, असं मी ठरवलंय. काल वरवे गावची एक मुलगी उभी राहिली. "बाई, चुकलं तर?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "चुकायचं नाही." ती म्हणाली, "मग माझं नाव काढा." हुशार मुलगी आहे. या वर्षी मॅट्रिकला बसेल, आणि पुढं शिकायचं की नाही हे घरात अजून ठरायचंय. मी खडू खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, ठिगळ, उलटी निघालेली ट्राम, दोन तिकिटं, काका. वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या. त्या मुलीनं नाव राहू दिलं. मग विचारलं, "बाई, काकांना नंतर काय म्हणालात?" मी म्हणाले, "तास संपला." दहा मिनिटं शिल्लक होती.

काका आता हिर्डोशीला असतात. गिरणीतल्या कापसानं छाती भरलीय, पण डोकं साफ आहे. मी जाते, औषध देते, भाताचं विचारते आणि उठते. या रविवारी जाईन तेव्हा सांगणार आहे. मला कॉलेजात त्यांनी घातलं, आई, तू नाहीस. तुला हे रुचणार नाही, पण तसंच आहे. हा कागद टपालात पडायचा नाही, म्हणून आणखी एक लिहून टाकते. तू त्यांना बोलायचीस तेव्हा कॉलेज सुटेल या भीतीनं मी गप्प बसायचे, असं काल मी वर्गात सांगितलं. भीती पहिल्या वर्षी होती. पुढं मला ते ऐकायला आवडायचं.